फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय? जुन्या पद्मिनीच्या डॅशबोर्डमागचा शॉर्ट असा शोधतात

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी अधिकृतपणे बंद झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओमध्ये २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. त्यामुळे तारीख आधीच ठरल्यासारखी होती. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपाचे मेसेज भरपूर फिरले, तुम्हीही एखादा फॉरवर्ड केला असेल.

पण टॅक्सी गेली म्हणून पद्मिनी गेली नाही. खासगी नंबरच्या पद्मिनी अजून आहेत. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांत ताडपत्रीखाली झाकलेली एखादी दिसतेच. आजोबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं थांबून घेतलेली. आता नातवाच्या मनात येतं की ही पुन्हा चालू करावी. रंग होतो, सीटं होतात, टायर नवे येतात. मग एका संध्याकाळी तो दिव्यांचा स्विच फिरवतो, ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि मीटरमागचे दिवे विझतात. नवा फ्यूज लावला की पुन्हा तेच.

इथे पार्किंगमध्ये जमलेल्या मंडळींकडून दोन सल्ले हमखास मिळतात. एक, मोठा फ्यूज टाक. दोन, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळ, आयुष्यभर उडणार नाही. दुसरा सल्ला तर अगदी खरा आहे, फ्यूज खरंच उडणार नाही. त्याऐवजी वायर जळेल.

१२ व्होल्ट म्हणजे किरकोळ?

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. दोन्ही टोकांना हात लावला तरी शॉक बसत नाही. त्यामुळे अनेकांना वाटतं की गाडीची वीज घरच्या २३० व्होल्टपुढे काहीच नाही. शॉकच्या बाबतीत हे बरोबर आहे, आगीच्या बाबतीत साफ चूक.

हिशोब करून बघू. डॅशबोर्डमागे साधारण १ चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरी असतात असं धरा. अशी २ मीटर तांब्याची वायर घेतली तर तिचा रोध येतो जेमतेम ०.०३५ ओहम. ही वायर घासून घासून उघडी पडली आणि गाडीच्या पत्र्याला टेकली, तर बॅटरीचा आणि मधल्या जोडण्यांचा रोध धरूनही २०० अ‍ॅम्पिअरच्या आसपास करंट धावू शकतो. म्हणजे त्या वायरीत जवळपास १४०० वॅटची उष्णता. बादलीत पाणी तापवायचा रॉड साधारण एवढाच असतो. फरक इतकाच की रॉडभोवती बादलीभर पाणी असतं आणि आपल्या वायरीत तांबं आहे फक्त १८ ग्रॅम. सेकंदभरात वरचं प्लास्टिक मऊ पडतं, शेजारच्या वायरींना चिकटतं आणि एका वायरीचा शॉर्ट दहा वायरींचा होतो. डॅशबोर्डमागे असतात पुठ्ठा, रेक्झिन आणि स्पंज. बाकी सांगायला नको.

उपनगरात तर गाडी एकटी उभी नसते. स्टिल्ट पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंना गाड्या, डोक्यावर कुणाचं तरी बेडरूम. म्हणून हा विषय हौसेपुरता नाही.

फ्यूज नेमकं काय वाचवतो?

फ्यूज बल्ब वाचवण्यासाठी असतो असा एक समज आहे. तो खरं तर वायर वाचवण्यासाठी असतो. वायरीला झेपेल त्याहून जास्त करंट वाहू लागला की सगळ्यात कमकुवत तुकडा आधी वितळावा, आणि तो तुकडा आपल्याला सहज बदलता येईल अशा जागी असावा, एवढीच कल्पना आहे.

फियाट घराण्यातल्या जुन्या गाड्यांत चिनी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या गोळीसारखे फ्यूज असतात, त्यांच्या अंगावरून धातूची पातळ पट्टी गेलेली असते. पांढरा म्हणजे ८ अ‍ॅम्पिअर, लाल म्हणजे १६. पांढऱ्याच्या जागी लाल बसतोही मस्त, कारण आकार तोच. खरी गोम इथेच आहे.

समजा वायर पत्र्याला पूर्ण टेकलेली नाही. ओल, गंज आणि काजळी यांतून अर्धवट टेकली आहे आणि त्यातून १५ अ‍ॅम्पिअर गळतायत. ८ चा फ्यूज थोड्या वेळात वितळेल आणि तुम्ही वैतागाल. १६ चा फ्यूज वितळणारच नाही. आणि त्या एका बिंदूवर १५ गुणिले १२, म्हणजे १८० वॅट उष्णता तयार होत राहील. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंग गन २५-३५ वॅटची असते. अशा पाच-सहा गन डॅशबोर्डमागे एका ठिकाणी टेकवून तुम्ही अंधेरीहून बोरिवलीला चाललात, असं समजा.

आणखी एक गोष्ट नव्या गाड्या चालवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जुन्या गाडीत सगळ्या वायरी फ्यूजमधून जात नाहीत. इग्निशन, स्टार्टर आणि चार्जिंगच्या वायरी त्या काळच्या बहुतेक गाड्यांत बिनफ्यूजच्या असत. कित्येक गाड्यांत दिव्यांचा फ्यूजही स्विचच्या पुढे येतो, म्हणजे बॅटरीपासून स्विचपर्यंतचा तुकडा उघड्यावरच. इग्निशन स्विचच्या मागे येणारी जाड वायर चावी बंद असतानाही जिवंत असते. शॉर्ट तिथे झाला तर फ्यूज उडणार नाही, चावी काढूनही उपयोग नाही. बॅटरी सोडवणं हा एकच उपाय उरतो.

हे असं का, तर या गाडीचं वय बघा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, कारखाना कुर्ल्याला. त्या बाजूच्या प्रीमियर रोडच्या नावात ती अजून शिल्लक आहे. १९५० च्या दशकात इटलीच्या फियाट ११०० ची जुळणी इथे सुरू झाली, १९६४ मध्ये ११०० डी आली आणि तीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. उत्पादन जवळपास २००० सालापर्यंत चाललं. मधल्या काळात बरेच बदल झाले, पण विजेची मूळ रचना १९६० च्या आसपासची.

याचा फायदाही आहे. या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सरचं जाळं नाही. बॅटरी, फ्यूज, स्विच, बल्ब आणि परतीचा रस्ता म्हणून गाडीचा पत्रा. एका माणसाच्या डोक्यात मावेल एवढंच हे प्रकरण आहे, आणि म्हणूनच शॉर्ट स्वतः शोधता येतो.

आधी हे ठरवा: शॉर्ट आहे का?

आपल्याकडे विजेचं काहीही बिघडलं की ‘शॉर्ट झालं’ म्हणतात. दिवा लागत नाही, शॉर्ट. हॉर्न अडकला, शॉर्ट. माझ्या मते जुन्या गाड्यांतल्या अशा तक्रारींपैकी बऱ्याच शॉर्टच्या नसतातच, त्या अर्थच्या असतात.

प्रत्येक बल्बमधून गेलेली वीज पत्र्यातून बॅटरीकडे परत येते. बल्बचं होल्डर जिथे पत्र्याला बसतं तिथे गंज किंवा नव्या रंगाचा थर आला की परतीचा रस्ता बंद होतो. मग वीज दुसरी वाट शोधते, शेजारच्या बल्बमधून. त्यामुळे ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतो, हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा हलतो. चित्र भुताटकीसारखं असतं, पण फ्यूज शाबूत राहतो. नुकताच रंग झालेल्या गाडीत तर हे फार दिसतं, कारण रंगारी सगळीकडे छान रंग मारतो, अर्थच्या बोल्टखालीही.

तेव्हा ढोबळ नियम असा: फ्यूज उडतोय, वायर गरम होतेय किंवा जळका वास येतोय, तर शॉर्ट किंवा जास्तीचा भार. फ्यूज टिकतोय पण दिवे विचित्र वागतायत, तर आधी अर्थ घासून साफ करा. सॅंडपेपरचं काम आहे, पाच मिनिटांचं.

वायरमनची जुनी युक्ती

घरात लाइट गेली की वायरमन सिरीज बोर्ड घेऊन येतो, आठवतंय? एक बल्ब सर्किटच्या मधे लावायचा. पुढे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, पण काही जळत नाही, कारण बल्ब स्वतःच करंट अडवून धरतो. गाडीत हेच करायचं, फक्त १२ व्होल्टच्या बल्बने.

इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, एक होल्डर, दोन वायरी, टोकाला दोन चिमटे. झाला टेस्ट लॅम्प तयार. शॉर्ट कितीही भयंकर असला तरी या बल्बमधून पावणेदोन अ‍ॅम्पिअरच्या वर करंट जात नाही. एवढ्याने वायर कोमटसुद्धा होत नाही. एकामागून एक फ्यूज जाळत बसण्यापेक्षा हे किती बरं. शिवाय जुन्या पद्धतीचे फ्यूज आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतही नाहीत.

सुरुवात बॅटरीपासून. दहा नंबरचा पाना घ्या आणि ज्या टोकाची केबल गाडीच्या बॉडीला गेली आहे, ते टोक आधी सोडवा. पद्मिनीत ते निगेटिव्ह. हेच आधी का? कारण दुसरं टोक आधी सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला तर पाना हाच शॉर्ट होतो, आणि तो हातात धरलेला असतो. अर्थ आधी सोडवली की पाना कुठेही लागला तरी सर्किट पूर्ण होत नाही. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. हा सल्ला हसण्यावारी नेऊ नका.

आता आपलं उदाहरण घेऊ: पार्किंग लाइटचा स्विच लावला की फ्यूज उडतो आणि मीटरचे दिवे जातात. बहुतेक जण इथे लगेच डॅशबोर्ड उघडायला घेतात. थांबा. अनेक जुन्या गाड्यांत मीटरचे दिवे, पुढचे पार्किंग दिवे, मागचे लाल दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा हे एकाच कुटुंबातले असतात, एका फ्यूजवर पोसलेले. त्यामुळे अंधार डॅशबोर्डवर दिसतो, पण आजार डिकीत असू शकतो. डिकीचं झाकण हजारो वेळा उघडलं-मिटलं, तिथल्या बिजागरीपाशी नंबरप्लेटच्या दिव्याची वायर दरवेळी वाकली. ती तिथेच सोलवटते. डॅशबोर्ड उघडायला दोन तास, डिकी बघायला दोन मिनिटं. दोन मिनिटांचं काम आधी करा.

उडालेला फ्यूज काढा. या सर्किटमधले सगळे बल्ब होल्डरमधून काढून एका वाटीत ठेवा. हे महत्त्वाचं आहे. बल्ब आत असतील तर त्यांच्यातूनही करंट जाईल, टेस्ट लॅम्प अर्धवट पिवळा पेटेल आणि तुमचा गोंधळ होईल. बल्ब काढल्यावर निरोगी सर्किटमध्ये करंटला जायला जागाच उरत नाही. आता फ्यूजच्या दोन पट्ट्यांना टेस्ट लॅम्पचे दोन चिमटे लावा, बॅटरीची अर्थ परत जोडा, पार्किंग लाइटचा स्विच लावा.

टेस्ट लॅम्प पेटला? मग वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. आता हा पेटलेला बल्ब तुमचा खबऱ्या.

तो दिसेल असा ठेवा आणि सर्किटची एकेक फांदी तोडत जा. मागच्या दिव्यांकडे जाणारा जोड सोडवा. बल्ब विझला तर दोष मागे. नाही विझला तर मागची बाजू निर्दोष, ती तशीच सुटी ठेवून पुढच्या दिव्यांचा जोड काढा. तरीही पेटलेलाच? मग उरला डॅशबोर्ड. मीटरच्या दिव्यांची वायर काढा. जी फांदी सुटल्यावर बल्ब विझेल, शॉर्ट त्या फांदीत. मग त्याच फांदीच्या मधला एखादा जोड सोडवा, पुन्हा बघा. दर वेळी शोधायची जागा कमी होत जाते आणि शेवटी हातभर वायर उरते.

कधी कधी टेस्ट लॅम्प पेटतच नाही. गाडी उभी असताना शॉर्ट गायब, रस्त्यावर खड्ड्यात आदळली की हजर. अशा वेळी टेस्ट लॅम्प लावून ठेवायचा आणि गाडी उभ्या उभ्या छळायची. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, दिव्यांची दांडी वर-खाली करा, चोक ओढा, दारं आपटा, डॅशबोर्डखाली हात घालून वायरींचा जुडगा हलक्या हाताने हलवा. ज्या क्षणी बल्ब लुकलुकेल तिथे हात थांबवा. डॅशबोर्डमधला शॉर्ट असाच हलवल्यावर सापडण्याची शक्यता खूप असते, कारण तिथे हलणारे भाग पुष्कळ.

वायर घासते कुठे?

सगळ्यात संशयित जागा म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा. वायरींचा जुडगा तिथल्या भोकातून आत येतो आणि भोकाच्या कडेला रबराचं ग्रोमेट असतं. ३०-४० वर्षांत, इंजिनच्या उष्णतेत, हे रबर बिस्किटासारखं होतं आणि झडून जातं. उरते पत्र्याची धारदार कड. तिच्यावर वायरी दर किलोमीटरला थोड्या थोड्या कापल्या जातात. ग्रोमेट ही या गाडीतली सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक, पण वायरिंग नवं टाकणारेसुद्धा ते बदलायचं विसरतात.

मग स्टिअरिंग कॉलम. हॉर्न, इंडिकेटर, डिपर यांच्या वायरी इथून जातात. स्पीडोमीटरची केबल बाहेरून धातूची असते, तिच्यावर वायर टेकून राहिली तर कालांतराने सोलवटणारच. वायपरची दांडी डॅशबोर्डमागे हलते, तिच्या वाटेत कुणी वायर सोडली असेल तर वायपर लावल्यावरच फ्यूज उडेल.

पण माझा पहिला संशय मूळ वायरिंगवर नसतो. तो नंतर जोडलेल्या गोष्टींवर असतो. पद्मिनी म्हणजे फक्त गाडी कधी नव्हतीच. डॅशबोर्डवर छोटा पंखा, खाली कॅसेट प्लेअर, नंतर सीडी, मोबाइलचा चार्जर, गणपतीच्या मूर्तीमागे रंगीत दिवे. जी गाडी पूर्वी टॅक्सी होती किंवा सीएनजीवर नेली होती तिच्यात गॅसचा स्विच आणि त्याच्या वायरी वेगळ्या. यातल्या प्रत्येकासाठी कुणीतरी जवळची जिवंत वायर दाताने किंवा कटरने सोलली, नवी वायर पिळली आणि वर काळी टेप गुंडाळली. मुंबईच्या उन्हाळ्यात बंद गाडीत त्या टेपचा गोंद वितळतो, टेप उलगडते, आणि पिळलेला जोड उघडा लोंबकळत राहतो. प्लेअर कधीच काढून टाकलेला असतो, पण त्याची जिवंत वायर मागे तशीच असते. डॅशबोर्डखाली बॅटरी लावून बघा, कुठेच न जाणाऱ्या वायरी किती सापडतात ते. त्या आधी काढा. निम्मं काम तिथेच होण्याची शक्यता आहे.

हवामानाचाही वाटा आहे. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यावर जसा हिरवा कळंक चढतो, तसाच तो वायरींच्या टोकांवर आणि फ्यूजच्या पट्ट्यांवर चढतो. खाऱ्या, दमट हवेत लवकर चढतो. पुराच्या पाण्यात बसलेली गाडी तर वेगळंच प्रकरण. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुर्ला-कालिना भागात गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी वायरीच्या टोकातून आत शिरतं आणि तांब्याच्या तारांमधून केशाकर्षणाने पुढे सरकतं. वरून वायर नवी दिसते, सोलली की आत तांबं काळं पडलेलं. अशा काळ्या तांब्याला जोड धरत नाही. जुनी पद्मिनी विकत घेताना दोन-तीन वायरींची टोकं सोलून बघितली तर मालक रागावेल, पण तुमचे पैसे वाचतील.

आणि उंदीर. पावसाळ्यात सोसायटीतल्या न हलणाऱ्या गाडीइतकं कोरडं, उबदार घर त्यांना दुसरं कुठे मिळणार?

मल्टिमीटरने होणारी फसगत

लॅमिंग्टन रोडला काहीशे रुपयांत मल्टिमीटर मिळतो आणि तो असावाच. फक्त एक सापळा माहीत हवा. बॅटरी सोडवून मीटर ‘बझर’वर ठेवायचा, एक टोक वायरीला, एक पत्र्याला. बझर वाजला की शॉर्ट, असं यूट्यूबवर सांगतात. पण बल्बची तार थंड असताना तिचा रोध अगदी कमी असतो. २१ वॅटचा बल्ब पेटल्यावर ७ ओहमच्या जवळ असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे चांगला बल्ब जोडलेला असतानाही बझर आनंदाने वाजतो आणि तुम्ही नसलेला शॉर्ट शोधत राहता. म्हणून बल्ब काढूनच मोजा.

वायरींच्या रंगांवरही आंधळा विश्वास नको. तुमच्याकडे पद्मिनीऐवजी अ‍ॅम्बेसेडर असेल तर तिचं मूळ ब्रिटिश, मॉरिस ऑक्सफर्ड. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीची थेट, पांढरी इग्निशनची, हिरवी म्हणजे इग्निशनच्या फ्यूजमधून येणारी जिवंत, आणि काळी अर्थ. आपल्या घरच्या वायरिंगमध्ये हिरवी म्हणजे अर्थ! घरकाम करणाऱ्या वायरमनला गाडीत हात घालू दिला तर तो नेमका इथे घसरू शकतो. १९५० च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत तर बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे. त्यामुळे कुठलीही जुनी गाडी असो, कुठली केबल पत्र्याला गेली आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय काहीही जोडू नका.

सापडला. आता?

टेप गुंडाळून झाकू नका. सोललेला तुकडा कापून काढा, तेवढ्याच किंवा किंचित जास्त जाडीची वायर घ्या, सोल्डर किंवा चांगल्या दाबाच्या जोडाने जोडा आणि वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवा. स्लीव्ह जोडण्याआधी वायरीत ओवायची असते, हे जोड पूर्ण झाल्यावर आठवून काही फायदा नसतो. मग जिथे घासत होती तिथे ग्रोमेट बसवा, जुडगा क्लिपने बांधा. कारण तसंच ठेवलं तर नवी वायरही सहा महिन्यांत त्याच जागी सोलवटेल.

प्लास्टिक वाकवल्यावर तडकत असेल, किंवा शॉर्टमुळे जुडग्यातल्या वायरी एकमेकींना चिकटल्या असतील, तर ठिगळं लावत बसू नका. अख्खं वायरिंग बदला. खर्च होतो, पण अशा गाडीत एक शॉर्ट काढला की दुसरा वाट बघतच असतो.

हेडलाइटबद्दल एक. जुने युरोपीय बल्ब ४५/४० वॅटचे. दोन्ही मिळून ९० वॅट, म्हणजे साडेसात अ‍ॅम्पिअर. आता हायवेवर दिसत नाही म्हणून लोक १००/९० चे हॅलोजन टाकतात. २०० वॅट, जवळपास १७ अ‍ॅम्पिअर, आणि हे सगळं डॅशबोर्डच्या त्याच जुन्या स्विचमधून. इथे शॉर्ट कुठेच नाही, तरी स्विच भाजतो आणि त्याच्या मागची वायर काळी पडते. असे बल्ब नियमातही बसत नाहीत. साधे ६०/५५ चे लावायचे असतील तरी रिले बसवून घ्या, म्हणजे जाड करंट बॅटरीकडून थेट दिव्याकडे जाईल आणि स्विचला फक्त रिलेला इशारा द्यावा लागेल.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी उतरते, हाही याच घराण्यातला आजार. सगळं बंद करून, दारं लावून, बॅटरीची अर्थ काढा आणि बॅटरीचं टोक व काढलेली केबल यांच्यामध्ये छोटा ५ वॅटचा बल्ब लावा. पद्मिनीत रात्री जागं राहणारं काहीच नसतं, म्हणून बल्ब पूर्ण अंधारा हवा. जरासा जरी लाल दिसला तरी कुठूनतरी गळती आहे. १ अ‍ॅम्पिअरच्या गळतीने ३५-४० अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत झोपते.

यापुढे जाऊन दोन गोष्टी प्रत्येक जुन्या गाडीत असाव्यात असं माझं ठाम मत आहे. बॅटरीच्या टोकावर हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच, आणि बिनफ्यूजच्या मुख्य वायरीला बॅटरीजवळच एक मोठा फ्यूज. स्टार्टरची जाड केबल मात्र त्यातून न्यायची नाही, स्टार्टर लावताना लागणारा करंट त्या फ्यूजला झेपणार नाही. ‘ओरिजिनॅलिटी’ जाते म्हणून काही हौशी लोक नाक मुरडतात. मुरडू द्या. रॅलीच्या दिवशी स्विच काढून ठेवता येतो. आणि गाडी उभी करून जाताना अर्ध्या मिनिटात बॅटरी तोडता येते, त्या वेळी डॅशबोर्डमागे काहीही घासत असो.

चालत्या गाडीत धूर आला तर

गाडी कडेला, इंजिन बंद, सगळ्यांना बाहेर काढा. नुसता धूर असेल तर बॉनेट उघडून कट-ऑफ फिरवा. अर्थ तुटली की शॉर्टचा जोर तिथेच संपतो. ज्वाळा दिसत असतील तर बॉनेटकडे जाऊच नका. डॅशबोर्डमागची आग केबिनमध्ये फार वेगाने पसरते आणि रेक्झिनचा धूर विषारी असतो. लांब जा, १०१ ला फोन करा. सीटखाली एक किलोचा ड्राय पावडरचा अग्निशामक असेल तर तो सुरुवातीच्या काही सेकंदांसाठीच उपयोगी, आणि तोसुद्धा हाताला लागेल असा ठेवलेला असेल तरच. डिकीत जॅकच्या खाली ठेवलेला काही कामाचा नाही.

हे सगळं स्वतः करायचं नसेल तर एलबीएस मार्गावर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत गॅरेजं आहेत, आणि पद्मिनीवर हात बसलेले जुने ऑटो इलेक्ट्रिशियन अजून भेटतात. काम द्यायच्या आधी एवढंच विचारा की शॉर्ट शोधणार कसा. ‘टेस्ट लॅम्प लावून’ म्हणाला तर गाडी सोडा. ‘आधी मोठा फ्यूज टाकून बघू’ म्हणाला तर चावी परत घ्या. काम झाल्यावर कापून काढलेला वायरीचा तुकडा मागून घ्या आणि ती कुठे घासत होती ती जागा दाखवायला सांगा. ज्याने खरंच शॉर्ट शोधला आहे त्याला ती जागा दाखवायला आवडतंच.